लाल खिडकीतला आकडा

लक्ष्मणराव बोरगावकरांना रामबाग मोहल्ल्यात आनंदाच्या प्रसंगी कॅमेरा घेऊन कुणी बोलावत नसे. बारसं असो, मुंज असो, पत्रिका यायची. पण देणारा उंबऱ्यात जरा घुटमळायचा आणि म्हणायचा, "या हं नक्की. फोटोचं टेन्शन नका घेऊ, स्टुडिओवाला सांगितलाय." इतका मान राखून अपमान करणं इंदूरच्या मराठी माणसालाच जमतं.

लक्ष्मणराव कापड मिलच्या स्टोअरमध्ये कारकून होते. वाडवडील होळकरांच्या दफ्तरात होते म्हणे. पण मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि वाडवडिलांच्या पुण्याईतून लक्ष्मणरावांच्या वाट्याला एक जरीची पगडी आणि थोडा ताठा तेवढा आला. छंद मात्र एकच होता. मिलमधला एक साहेब विलायतेला परत जाताना आपला काळा डबा-कॅमेरा त्यांना देऊन गेला होता.

हा डबा पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या भिंगात बघायचं आणि खटका दाबायचा. मग किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. डब्याच्या पाठीला लाल काचेची एक बारकी खिडकी होती, तिच्यात पुढचा आकडा दिसला की थांबायचं. लक्ष्मणरावांना जवळचं धड दिसत नसे आणि चारचौघांत चष्मा लावायला ते लाजत. त्यामुळे आकडा बघायचं काम त्यांच्या पत्नीचं, भानुमतीबाईंचं. खटका वाजला की लक्ष्मणराव न बघताच डबा उजवीकडे पुढे करायचे, बाई किल्ली फिरवायच्या आणि शाळेतल्या पोरीसारख्या मोठ्याने सांगायच्या, "चार आला!"

सगळं बिघडलं ते शेजारच्या संताजीची आई वारली तेव्हा. म्हातारीचा एकही फोटो घरात नव्हता आणि लग्नसराईमुळे स्टुडिओवाला यायला तयार नव्हता. संताजी धावत आला आणि भैयाचं इंदुरी भिया करत म्हणाला, "भिया, तुम्ही येऊनच जा. नाहीतर आईचा चेहरासुद्धा राहणार नाही आमच्याजवळ." लक्ष्मणराव गेले. म्हातारीला भिंतीशी टेकवून बसवलं, अंगावर शाल घातली, उजेड यावा म्हणून समोर पांढरी चादर धरायला लावली. फोटो मोठा करून एका रंगाऱ्याकडे दिला. त्याने मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवले, आणि म्हातारी जिवंतपणी कधी दिसली नव्हती इतकी प्रसन्न दिसू लागली.

झालं! त्यानंतर गल्लीत कुणी गेलं की आधी वैद्य, मग भटजी आणि मग लक्ष्मणराव. पैसे ते घेत नसत. वर्षा-दोन वर्षांत बहुतेक घरांत त्यांचा एकेक फोटो लागला, चंदनाचा हार घातलेला. रंगारी एकच असल्यामुळे सगळ्यांचे डोळेही एकसारखेच, पाणीदार आणि किंचित वर बघणारे. आणि जिवंत माणसं कॅमेऱ्यासमोरून पळू लागली. पदराआड पोरं लपवू लागली.

लक्ष्मणराव हसायचे. "अडाणी आहेत झालं!" म्हणायचे. हे हसणं हरीपर्यंत टिकलं.

हरी हा समोरच्या घरातला उमदा मुलगा. त्याला सांवेर रोडच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, त्याने सायकल घेतली आणि मुद्दाम येऊन म्हणाला, "काका, माझा फोटो खेंचा. मी नाही मानत हे सगळं." सायकलच्या दांडीवर हात ठेवून हसणारा हरी. लक्ष्मणरावांच्या हातून त्याहून चांगला फोटो उतरला नाही. आठ दिवसांत त्याच सायकलवरून कारखान्यात जाताना हरी ट्रकखाली गेला.

 लक्ष्मणराव दिसले की हरीची आई नुसतं दार लावून घ्यायची. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

नानासाहेब म्हणून एक निवृत्त जंगल अधिकारी होते. त्यांच्या दिवाणखान्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हौशी फोटोवाल्यांची बैठक भरे. आपला आवडता फोटो आणायचा, हार्मोनियमच्या पेटीवर टेकवायचा आणि त्याच्या मागची हकिकत सांगायची, अशी रीत होती. नानासाहेब स्वतः मारलेल्या वाघाचा फोटो दाखवत आणि दर खेपेला वाघ वीतभर लांब होई. शाळेत शिकवणाऱ्या अरुंधतीबाई हातोदच्या बाजारातल्या बैलांचे फोटो आणत. लक्ष्मणराव हरीच्या प्रसंगानंतर फक्त झाडं आणायचे. पिंपळ, चिंच, पुन्हा पिंपळ. झाडाला काय हकिकत असणार? "सकाळी काढला," एवढं सांगून ते खाली बसत.

भानुमतीबाईंना मात्र आपला एक फोटो हवा होता. मुलगी बेबी लग्न होऊन जबलपूरला गेली होती आणि येईल तेव्हा आईचा फोटो मागत होती. "गल्लीतल्या सगळ्या मेलेल्यांचे काढलेत," बाई म्हणायच्या, "मी काय घोडं मारलंय? की माझी पाळी यायची वाट बघताय?"

"उजेड बरोबर नाही," लक्ष्मणराव म्हणायचे. इंदूरला उजेडाची काय वानवा! पण या बाबतीत त्यांचं धैर्य गळालेलं होतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. अडाणी कुणाला म्हणायचं आता?

शेवटी बाई हटून बसल्या. येत्या बुधवारी खजरान्याला गणपतीला जायचं आणि तिथे फोटो काढायचा. लक्ष्मणरावांनी "बरं" म्हटलं, आणि आदल्या संध्याकाळी गुपचूप डब्यातली फिल्म काढून ठेवली.

खजरान्याला दर्शन झालं. हार-फुलांच्या दुकानांपलीकडे, मोकळ्या उन्हात बाई उभ्या राहिल्या. अंजिरी लुगडं, केसांत शेवंती, हातात प्रसादाचा द्रोण. "काढा आता," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याकडे बघून काढा, पिंपळाकडे नको."

लक्ष्मणरावांनी मान खाली घातली. भिंगात बाईंचं एवढंसं रूप दिसलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले. रिकाम्या डब्याचा खटका वाजला. सवयीने त्यांनी डबा उजवीकडे पुढे केला आणि मग घाईने तो मागे ओढू लागले. पण बाईंनी पुढे येऊन तो घेतला, किल्ली फिरवली, लाल खिडकीवर पदराची सावली धरून बघितलं आणि डबा परत दिला. "फिरवली," म्हणाल्या. आकडा सांगितला नाही. उन्हात दिसला नसेल, असं लक्ष्मणराव मनाशी धरून चालले.

पुढे त्यांनी सांगितलं, फिल्म खराब निघाली. बाई म्हणाल्या, "असू दे. पुढच्या वेळी काढू." आणि कढईतल्या पोह्यांवर झाकण ठेवलं.

पुढची वेळ आली नाही. माघात बाईंना ताप आला, तो छातीत उतरला, आणि त्या गेल्या. फोटो न काढताच गेल्या! हे लक्ष्मणरावांच्या ध्यानात आलं तेव्हा ते भिंतीला धरून खाली बसले.

संताजी जवळ आला. "भिया... कॅमेरा?"

लक्ष्मणराव उठले. बाईंना भिंतीशी बसवलं, शाल घातली, चादर धरायला सांगितली. खटका दाबला आणि सवयीने डबा उजवीकडे पुढे केला. तो घ्यायला कुणी नव्हतं. बराच वेळ हात तसाच राहिला. शेवटी संताजीने तो खाली घेतला.

रंगारी भला माणूस होता. त्याने विचारलं, "बाबूजी, भाभीजी की आंखें कैसी थीं? किधर देखती थीं?" लक्ष्मणरावांना सांगता येईना. इतक्या वर्षांचा संसार, पण डोळ्यांपुढे यायचं ते खजरान्याचं ऊन, आणि त्या क्षणी तर यांनीच डोळे मिटलेले. रंगाऱ्याने आपले नेहमीचे डोळे काढले.

बेबी जबलपूरहून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती महिनाभर राहिली. पहिल्या रविवारी लक्ष्मणराव बाईंच्या फोटोची फ्रेम घेऊन नानासाहेबांकडे निघाले, तेव्हा बेबीही सोबत गेली.

फ्रेम पेटीवर ठेवली. लक्ष्मणराव उभे राहिले आणि म्हणाले, "हा खजरान्याचा." मग ते बोलतच राहिले. लुगडं, शेवंती, प्रसादाचा द्रोण, पिंपळाकडे नको म्हणून केलेली थट्टा, सगळं सांगितलं. फोटोत लुगडं नव्हतं, शाल होती. शेवंती नव्हती. आणि डोळे तर तिथल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या भिंतीवर पाहिलेले होते. अरुंधतीबाईंनी मान खाली घातली. नानासाहेब म्हणाले, "फार छान आलाय, लक्ष्मणराव." त्या दिवशी त्यांनी वाघ काढला नाही.

 परतताना रामबागेच्या वळणावर बेबी म्हणाली, "बाबा, एक सांगू? आईने मला सांगितलं होतं. त्या दिवशी कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती ना?"

लक्ष्मणराव थांबले.

"खिडकीत नंबर नव्हता म्हणाली. मी म्हटलं, मग पूछा क्यों नहीं? तर म्हणाली, कशाला विचारू? घाबरले होते गं ते माझ्यासाठी. डोळे मिटून उभे होते, लहान मुलासारखे. म्हणून मला त्यांच्याकडे पोटभर बघता आलं. एरवी बघू देतात का?"

रस्त्यावरून एक टांगा गेला. लक्ष्मणरावांनी फ्रेम उलटी करून छातीशी धरली. त्यांनी विचारलं, "तेव्हा हसत होती का?"

"ते नाही सांगितलं तिने," बेबी म्हणाली.