जिची पाळी, तिचं पिंप शेवटी

वाकोल्याच्या त्या गल्लीत पाणी पहाटे येतं. नळ एक, घरं पाच. येताना पाणी जोरात येतं आणि जाता जाता बोटभर धार उरते, म्हणून पाचही बायका पहिल्यापासून नळाशी हजर. एक नळी धरणार, चौघी गप्पा मारत ताटकळत उभ्या राहणार.

नीलम त्यांतलीच. अंगणवाडीत ती मदतनीस होती. मुलांची नाकं पुसता पुसता तिला अख्खा वर्ग सांभाळता यायला लागला होता. पण सेविका व्हायचं तर बारावी हवी, आणि तिची बारावी लग्नाच्या गडबडीत राहून गेलेली. तिने बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला खरा, पण अभ्यासाला वेळ मिळेना. घरची कामं आटपून पुस्तक उघडलं की डोळे मिटत. नवरा अंबादास मरोळच्या कारखान्यातून थकून येई, तरी भांडी घासून देई. तेवढ्याने भागत नव्हतं.

मग तिला वाटलं, पाणी भरता भरता वाचावं. नळी पिंपात सोडून ती अर्थशास्त्र घेऊन बसली. मागणीचा नियम डोक्यात शिरेपर्यंत पिंप भरून वाहिलं आणि पाणी शेजारच्या शकुताईंच्या घरात शिरलं. उंबऱ्याशीच पिठाची पिशवी होती.

"तू पास होशील तेव्हा होशील गं," शकुताई म्हणाल्या, "आज आमच्या चपात्या नापास केल्यास."

नीलमने आपल्या डब्यातलं पीठ नेऊन दिलं. देताना तिचं लक्ष नळाकडे गेलं. एकीचं पिंप भरत होतं आणि बाकीच्या हात बांधून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिने सुचवलं की रोज एकीनेच पाचही पिंपं भरावीत, बाकीच्यांनी आपापलं काम बघावं. कुणालाच पटलं नाही. भरणारी आधी आपलं भरणार आणि शेवटच्या घराच्या नशिबी बोटभर धार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जिची पाळी, तिचं पिंप शेवटी," नीलम म्हणाली. "उद्या माझी."

तिच्या पाळीच्या दिवशी तिचं पिंप अर्धंच भरलं आणि कपडे धुवायचे राहिले. शकुताईंनी पाचही पिंपांची झाकणं उघडून पाहिली. दुसऱ्या पहाटे नळी त्यांच्या हातात होती.

तेव्हापासून नीलम आपल्या पाळीचा दिवस सोडून रोज पहाटे बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत दिसू लागली. कुणी फिरायला जाऊ लागलं. शकुताई सरळ पुन्हा झोपत, आणि त्यामुळे त्यांचा स्वभाव जरा निवळला, असं अंबादासचं मत होतं.

अर्थशास्त्राच्या पेपरच्या दिवशी नेमकी नीलमची पाळी आली. नियम तिनेच घातलेला, म्हणून तिने पाळी बदलून मागितली नाही. पहाटे बाहेर येऊन पाहते तर शकुताई नळाशी, आणि नळी हिच्याच पिंपात.

"ताई, आज माझी पाळी आहे. आणि माझं पिंप शेवटी ना?"

"पाणी उद्या परत येईल. पेपर येणार आहे का?" शकुताईंनी मानही वर केली नाही. "जा, एकदा वाचून घे. आणि तो मागणीचा नियम नीट लिही. त्यात आमचं पीठ गेलंय."

नीलम पुस्तक घेऊन विहाराकडे निघाली. पिंप काठापर्यंत आलं की पाण्याचा आवाज बारीक होतो. तो तिला मागून ऐकू आला, पण आज ती वळली नाही.