डीएनए नसलेली नळी

काटाबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं प्रयोगशाळेत सगळे म्हणत. साफ खोटं! बावीस वर्षं त्या तिथे नळ्या धूत होत्या, द्रावणं बनवत होत्या, यंत्रावर आकडे घेत होत्या, आणि कारणाशिवाय एकदाही चिडल्या नव्हत्या. कारणंच ढीगभर मिळत, त्याला त्या काय करणार? वजनकाट्यावर कणभर इकडचं तिकडे झालं तरी ओरडत, म्हणून हे नाव पडलं.

त्या मंगळवारी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्या बहिणीकडे गेल्या, तर ती गरम पाण्यात चमचाभर हळद ढवळत उभी. छातीतल्या गाठीसाठी तिला इस्पितळात सलाइनमधून औषध देत होते. तीन वेळा झालं होतं, तीन वेळा बाकी. चौथी तारीख कालच उलटली होती.

"गेली नाहीस?"

"आता जाणारच नाही. केस गेले, तोंडाची चव गेली, अजून काय घालवू? तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांचं भाषण ऐकलं मोबाइलवर. हळदीतला पिवळा पदार्थ थेट डीएनएत शिरतो म्हणे, बिघडलेलं दुरुस्त करतो. आणि ताई, तो आलेख दाखवला ना, तो तुझ्या हातचा!"

आलेख काटाबाईंच्याच हातचा होता.

त्या पिवळ्या पदार्थाचं नाव कर्क्युमिन. डीएनएच्या पिळाला बाहेरून खाचा असतात, त्यातल्या अरुंद खाचेत तो जाऊन बसतो, इथपर्यंत खरं. पण बसतो तोही सैलसर, आणि बसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दारात येऊन उभा राहिलेला प्रत्येक माणूस काही गवंडी नसतो! सरांचा आलेख म्हणत होता, डीएनए घातलं की पिवळा रंग उतरतो, म्हणजे डीएनएने कर्क्युमिन ओढून घेतलं. काटाबाईंनी तेव्हा आपणहून आणखी एक नळी लावली होती, डीएनए न घालता. तिचाही रंग अर्ध्या तासात जवळजवळ तेवढाच उतरला. त्या द्रावणात हा पदार्थ आपला आपणच मोडतो, दुसरं काही नाही. सर म्हणाले होते, "ते वहीत घेऊ नका, उगाच गोंधळ होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बहिणीला दंडाला धरून प्रयोगशाळेत आणलं आणि तिच्यासमोर दोन्ही नळ्या लावल्या. "ह्यात डीएनए आहे, ह्यात नाही. बस आणि बघ." अर्धा तास बहीण बघत राहिली. दोन्ही नळ्या फिक्या पडल्या.

तेवढ्यात सर आले. "पाहुण्या कोण?"

"तुमच्या भाषणापायी इस्पितळ सोडून बसलेली माझी बहीण!"

सरांचा चेहरा पडला, पण जीभ नाही. "मी कुणालाही औषध बंद करा म्हटलं नाही."

"नाही म्हटलंत. नुसती टाळ्या मिळतील एवढी थाप मारलीत आणि घरी जाऊन निवांत जेवलात. लाज वाटत नाही?" बाईंचा आवाज कॉरिडॉरभर घुमला. बावीस वर्षांचं साचलेलं सगळं त्यांनी त्या माणसाला ऐकवलं. सर खाली मान घालून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

बहीण अजून नळ्यांकडेच बघत होती. "हे तुला आधीच माहीत होतं?"

"हो. दोन वर्षांपूर्वीच."

"मग तेव्हा का नाही ओरडलीस?"

"भ्यायले," काटाबाई म्हणाल्या. "नोकरी जाईल म्हणून."

बहिणीने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि उठली. "इस्पितळात चल. मला एकटीला जायची भीती वाटते. पण वाटेत माझ्याशी बोलू नकोस."