डाव्या अंगाची खिडकी

फैजपूरच्या केळीबागांतून उठून लीलाधर जळगावच्या एका पंप कारखान्यात नकाशे काढायला आला आणि हळूहळू त्याचा हात चांगलाच बसला. बारा वर्षं तो फळ्यावर वाकून रेषा ओढत होता. नवा भाग काढला की आधी कपड्याच्या साबणाच्या वडीवर तो कोरायचा आणि कागदासोबत सुपडूनानांकडे न्यायचा. सुपडूनाना दोंडाईच्याकडचे. सागाच्या लाकडात ते ओतकामाचा साचा घडवत. साबण हातात फिरवून बघत, मगच पटाशी उचलत.

अठ्ठ्याण्णव साली रतनलाल शेठनी कॉम्प्युटर आणला. काचेची खोली, थंड हवा, चपला बाहेर. लीलाधर पुण्याला पंधरा दिवस शिकून आला. आता पडद्यावर अख्खा पंप उभा राही, गरगर फिरे, आणि एक बटण दाबलं की त्याचे सपाट नकाशे आपोआप कागदावर उतरत. त्याला फक्त ते नीटनेटके करायचे असत. कुणी साबणाचं विचारलं तर तो हसून म्हणे, आता साबण धुण्यालाच.

पहिला नकाशा निघाला तो बेअरिंगच्या खोक्याचा. खोक्याच्या एका भिंतीला तेल घालायची खिडकी होती. आतल्या, न दिसणाऱ्या कडांच्या तुटक रेषांनी कागद विस्कटल्यासारखा वाटत होता, म्हणून लीलाधरने त्या सगळ्या पुसल्या. कागद आरशासारखा स्वच्छ झाला. तो त्याने खाली नानांकडे पाठवून दिला. स्वतः गेला नाही.

महिन्याभराने चाळीस ओतीव खोकी आली. चाळिसांची खिडकी डाव्या भिंतीला होती. हवी होती उजव्या.

शेठनी सगळ्यांसमोर सुपडूनानांना उभं केलं. नाना एवढंच म्हणाले, "कागदमा जे शे, तेच मी कोरेल शे."

शेठनी लीलाधरला विचारलं, कागद बरोबर आहे ना?

लीलाधर म्हणाला, "कॉम्प्युटरने काढलाय, शेठ."

मग कुणी काही विचारलं नाही. नानांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला, असं शेठ म्हणाले आणि त्यांना पेट्या बांधायच्या कामावर टाकलं. भटू फिटर हसला, म्हणाला, नाना, आता खिळे तरी सरळ ठोका.

लीलाधरने काचेच्या खोलीत जाऊन कागद पुन्हा उघडला. आपल्याकडे डाव्या अंगाचं चित्र उजवीकडे मांडतात. अमेरिकेची रीत उलटी, उजव्या अंगाचं चित्र उजवीकडे. प्रोग्राम अमेरिकेचा होता. त्याने तिकडच्या रीतीने चित्रं मांडली होती आणि कोपऱ्यात तशी बारीक निशाणीही उमटवली होती. ती लीलाधरने पाहिली नव्हती, आणि नानांनी उजवीकडचं चित्र नेहमीसारखं डाव्या अंगाचं धरलं होतं. तुटक रेषा असत्या, तर नानांना खिडकीची खरी भिंत कळली असती.

आज सांगू, उद्या सांगू, असं करत दोन दिवस गेले. जेवणाच्या सुट्टीत नाना पेट्यांपाशी बसत, आणि तो दुसऱ्या दाराने बाहेर पडे. तिसऱ्या दिवशी नाना आलेच नाहीत. पटाश्यांची पिशवी घेऊन गावी गेले, असं कळलं.

तेव्हा लीलाधर शेठकडे गेला आणि सगळं बोलला. शेठ म्हणाले, जा, नानांना घेऊन ये.

दोंडाईच्याला स्टेशनवर उतरून तो विचारत विचारत घरी पोचला. नाना ओट्यावर बसले होते. लीलाधर खाली मान घालून बोलू लागला, तर नानांनी हाताने थांबवलं.

"ती निशाणी मी दखी व्हती, भाऊ. बोलणी खादी, मंग कागद परत दखा. तू सांगशी म्हणीसन दोन रोज वाट दखी."

लीलाधरला वाटलं, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"माले नको सांगू," नाना म्हणाले. "हिले सांग."

दारात धुरपदाबाई उभ्या होत्या. नवऱ्याला दिसत नाही हे कारखान्यातल्या कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. बोट कापून घेतील म्हणून त्यांनी पटाश्यांची पिशवी धान्याच्या कोठीमागे दडवून ठेवली होती.

लीलाधरने त्यांना सांगितलं. नानांचे डोळे चांगले आहेत, चूक माझी. एकेक शब्द दाढेखाली खडा यावा तसा.

धुरपदाबाईंनी ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग त्या रोज काबरं नही सांगं, भाऊ?"

ओट्यावर ऊन होतं. लीलाधर उभाच होता. काचेच्या खोलीतली जागा जाईल या भीतीने, हे उत्तर त्याच्याजवळ होतं, पण ते त्या बाईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.