चादरीतली खिडकी

पाणसळचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. गवत दवाने ओलं असतं तोवर विळा नीट चालतो. ऊन चढलं की पातं नुसतं घसरतं आणि माणूस दुप्पट दमतो. कुंपणाचं उलटं. ओली पानं कातरीला चिकटतात, म्हणून कुंपण उन्हं आल्यावर. गोष्ट साधी आहे, पण आमच्या कारखान्याच्या मैदानावर जितके माळी आले त्यांच्यात ती या एकट्यालाच कळली. बाकीचे मुकादम दिसला की हाताला लागेल ते चालवायचे.

मी त्याच मैदानावर पाण्याची नळी ओढायचो. दोघांच्या खोल्या शेजारी. त्यामुळे जे सांगतो ते बघितलेलं सांगतो.

पाणसळ हे त्याचं खरं नाव नव्हे. भिंत समपातळीत आहे का हे बघायला गवंड्याकडे काचेच्या नळीत बुडबुडा असलेलं अवजार असतं, ते पाणसळ. खोल्यांच्या मागून जाणारं कमरेएवढं हिरवं कुंपण हा असं कातरायचा की माथ्यावर भरलेली कपबशी ठेवावी. आणि ठेवायचाच. सकाळच्या सुट्टीत त्याचा चहा कुंपणावर असायचा. बशीत एक थेंब जरी सांडला तरी चहा तसाच सोडून आधी कातर घ्यायचा. चहा निवून जायचा, वहिनी आतून बोलायच्या, हा कातरत राहायचा.

कुंपणाच्या पलीकडे पाण्याच्या टाकीची जागा. ती दुसऱ्या खात्याची. तिथे गवत छातीपर्यंत वाढलेलं आणि त्यात उंदरांचं राज्य. पाणसळ आपली बाजू कातरायचा, माथा कातरायचा, पण पलीकडच्या अंगाचं एक पानही तोडायचा नाही.

"हद्द म्हणजे हद्द. तिकडचा पगार मला कोण देतो?"

यावर माझं त्याच्याशी कधीच भांडण नव्हतं. पण त्यामुळे ते कुंपण आमच्या बाजूने दाढी केलेल्या नवरदेवासारखं दिसायचं आणि टाकीच्या बाजूने महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखं.

कामाच्या दोन खाकी पँटी होत्या. रोज दुपारी एक स्वतः धुवायचा आणि कुंपणावर वाळत घालायचा. एक पाय आपल्या बाजूला, एक पाय टाकीच्या बाजूला, घोड्यावर बसवल्यासारखी. चिमटा लागायचा नाही. "माथा सरळ असला की वारा उचलत नाही," असं सांगायचा.

वहिनींना कपडे वाळत घालायला स्टीलचा घडीचा स्टँड हवा होता. ही मागणी लग्नानंतर लगेचची.

"कुंपण आहे की," हा म्हणायचा.

"माझे कपडे कुंपणावर घालू? सगळ्या कारखान्याला दाखवायला?"

"मग स्वयंपाकघरात दोरी आहे."

दोरी होती. ती नेमकी त्याच्या कपाळाच्या उंचीवर होती, आणि वहिनींनी ती मुद्दाम तिथे बांधली होती असं माझं मत आहे. रोज पहाटे पाचला हा उठला की अंधारात पहिली टक्कर ओल्या टॉवेलशी व्हायची. पण स्टँड काही यायचा नाही, कारण तो पगारातून लांब पात्याच्या कातरीसाठी पैसे बाजूला टाकत होता. तिचं चित्र त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. वहिनी म्हणायच्या, माझाही फोटो लावा कधीतरी. तर म्हणाला, तू घरातच आहेस ना.

मग त्याला ताप आला. डोकं दुखायचं, अंग मोडून यायचं, तरी कामावर यायचा. मी मनावर घेतलं नाही. कष्टाच्या माणसाचं अंग दुखणारच. पण एके दिवशी सुट्टीत बघितलं, कुंपणावरची कपबशी तिरकी होती. अर्धा चहा बशीत उतरला होता. आणि पाणसळने तो तसाच पिऊन टाकला.

मी नळी बंद केली आणि वहिनींना हाक मारली. "वहिनी, हे साधं दुखणं नाही."

फाटकाजवळच्या डॉक्टरने एक औषध दिलं. ताप हटला नाही. बाजारातल्या डॉक्टरने दुसरं दिलं. त्यानेही नाही. मग आम्ही त्याला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे नवीन डॉक्टरबाई आलेली, वयाने लहान, हाताने झपाझप. रक्त बघून म्हणाली, हिवताप नाही, टायफॉइड नाही.

"काका, अंगावर कुठे काळी खपली आहे का?"

"नाही."

"नीट बघितलंय?"

"बघायचं काय त्यात?"

"मग मला बघावं लागेल. सगळं अंग."

पाणसळ आठवडाभर कमरेत वाकून बसायचा, तो ताठ झाला. "ताप डोक्यात आहे. डोकं बघा."

हा माणूस सार्वजनिक नळावर पँट घालून आंघोळ करायचा. उन्हाळ्यात बाकीचे माळी उघड्या अंगाने काम करायचे, याची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली. वहिनींना बाईने विचारलं, तुम्ही काही बघितलंय का? वहिनी म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या पाठीवर तीळ आहे की नाही ते मला विचारू नका."

कंपाउंडर पुढे सरकला. "काका, मी बघतो. मी पुरुष आहे."

"पुरुष आहेस, पण तुझ्या तोंडाला झाकण नाही. संध्याकाळी सगळा कारखाना माझी चौकशी करेल."

बाईने समजावलं, दरडावलं. हा चपला घालून घरी निघाला. वाटेत दोनदा टेकला, पण निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा श्वास वर लागला. डोळे लाल, बोलणं तुटक, आणि उजव्या हाताची बोटं हवेत कातर चालवत होती. वहिनींनी मला पाठवलं, मी बाईला घरी घेऊन आलो. तिने छातीला नळी लावली. तिचा चेहरा बदलला.

ती आम्हा दोघांना म्हणाली, "गवतात एक किडा असतो. गोचिडीच्या भावकीतला, पण त्याचं पिल्लू डोळ्याला दिसतसुद्धा नाही. ते उंदरांच्या अंगावर जगतं. माणूस सापडला तर माणसाला चावतं. दुखत नाही, खाजत नाही, पण चाव्यातून जंतू रक्तात जातात. चावलं तिथे काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. मला तोच संशय आहे. रक्ताचा निकाल यायला वेळ लागेल आणि यांच्याकडे तेवढा वेळ नाही. अंदाजाने दोन औषधं झालीत, तिसरं मी अंदाजाने देणार नाही. खपली दिसली की आत्ता गोळी सुरू करते. उशीर झाला तर छाती भरेल, मग मोठ्या इस्पितळातही हात टेकतील."

वहिनी खाटेपाशी गेल्या. "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मरेन, पण उघडा होणार नाही."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पेटीतून जुनी चादर काढली, खुंटीवरची त्याची कातर घेतली आणि चादरीच्या मधोमध वीतभर चौकोन कापायला घेतला.

पाणसळला एवढ्या तापातही आवाज ओळखू आला. "कातर कापडाला लावू नको! धार जाते!"

"जाऊ दे. चादर तुमच्या अंगावर राहील. बाई खिडकीतून बघतील. एका वेळी वीतभर. बाकीचं सगळं झाकलेलं."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "आणि तो?" म्हणजे मी.

"चादरीचं दुसरं टोक कोण धरणार?"

"त्याने भिंतीकडे तोंड करावं."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"डोळे मीट."

"अरे, भिंतीचं काय बघायचं राहिलंय?"

"मीट म्हणतो ना!"

मी मिटले. वहिनींनी चादरीखालून त्याचे कपडे काढून घेतले. मी एक टोक धरलं, वहिनींनी दुसरं. बाई बोलून दाखवत खिडकी नेत होती: आधी मान, तिथून काख, तिथून एकदम पोट.

"असं नको," पाणसळ चादरीखालून म्हणाला. आवाज खोल गेलेला, पण मुकादमाला ऐकवायच्या सुरात. "मैदान असं कापतात का? एका कडेपासून. ओळीने. मधली पट्टी सुटली की पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं."

बाई म्हणाली, "बरं काका, ओळीने."

मग काम नीट सुरू झालं. एक पट्टी खाली, शेजारची वर. माझे हात भरून आले, कारण चादर धरायची म्हणजे ओढायचीही नाही आणि सोडायचीही नाही. नळी ओढणं त्यापेक्षा सोपं. पुढची बाजू झाली, काही नाही. वहिनींनी आणि बाईने त्याला चादरीसकट पालथा केला. पाठ झाली. काही नाही. कंबर झाली. खोलीत फक्त त्याचा श्वास वाजत होता. मला वाटलं, बाईचा संशय खोटा ठरणार, आणि आता काय?

"थांबा," बाई म्हणाली.

चादर थांबली.

"काका, तुम्ही पँट कुठे वाळत घालता?"

खाट करकरली.

"मी सांगू?" वहिनी म्हणाल्या. असा आनंदाचा आवाज मी आजारी माणसाच्या खोलीत त्याआधी कधी ऐकला नव्हता. "त्या कुंपणावर! मी किती वर्षं सांगतेय! स्टँड आणा, स्टँड आणा!"

"खपली कुठल्या बाजूला आहे?" पाणसळने विचारलं.

"बसायच्या जागी. डावीकडे."

त्याची बोटं खाटेच्या कडेवर कातरीसारखी वाजू लागली. मला वाटलं शुद्ध हरपली.

"डावा पाय टाकीच्या बाजूला असतो," तो म्हणाला. "लिहून घ्या. तो किडा आमच्या खात्याचा नाही."

बाईने पिशवीतून गोळ्या काढल्या. पहिली तिने स्वतः बसवून, भरपूर पाण्याबरोबर दिली. गोळी अगदी साधी. मला वाटलं होतं, इतकी मेहनत करून शोधलेल्या दुखण्याला निदान मोठी सुई तरी असेल. दोन दिवस बाई सकाळ-संध्याकाळ येऊन छाती बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंग गार लागलं. त्याने चहा मागितला, कपबशी जमिनीवर ठेवली, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ही फरशी उताराला आहे." वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे जाऊन एकदाच्या रडल्या.

चालता यायला लागल्यावर तो टाकीवाल्यांच्या मुकादमाकडे गेला. गवत कापा म्हणाला. मुकादम म्हणाला, "कुंपण तुमचं. आमचं गवत तुमच्या कुंपणाला टेकून वाढतं. आम्हीच तक्रार करणार होतो." पाणसळ परत आला. लांब मोजे, त्यात पँटचे पाय खोचलेले, वर गमबूट, अशा थाटात पलीकडे उतरला आणि कुंपणालगत हातभर पट्टा साफ केला. विनापगारी. त्याच्या आयुष्यातलं तेवढंच फुकटचं काम. हातभराच्या पुढची एक काडी त्याने तोडली नाही. वर आल्यावर कपडे सरळ उकळत्या पाण्यात टाकले आणि नळापलीकडच्या मोऱ्यांच्या रांगेतली सर्वात कडेची मोरी बघून, दाराला आतून कडी लावून, पहिल्यांदा पँट काढून आंघोळ केली. बाईने तशी तंबीच दिली होती.

जुन्या कातरीची धार चादरीने खाल्ली होती. नवी घ्यायची तर आता खरी गरज होती. पगार झाला त्या दिवशी त्याने कपाटातले पैसे काढले, वहिनींना बरोबर घेतलं आणि दोघं बाजारात गेले. परत आले ते स्टीलचा घडीचा स्टँड दोन बाजूंनी धरून. जुनी कातर त्याने धार लावायला टाकली. चित्र दारावर तसंच राहिलं.

स्टँड मागच्या अंगणात उभा केला. त्याने वरच्या दांड्यांवर फळी ठेवली, फळीवर भरलेली कपबशी ठेवली, आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. थेंब सांडला नाही. मग म्हणाला, "घाल आता."

वहिनींनी स्वयंपाकघरातली दोरी सोडली आणि स्टँडवर सर्वात आधी ती चादर वाळत घातली. चादर चांगली होती, एका भोकासाठी टाकून कशी देणार? कंपाउंडर तेवढ्यात अंगणावरून चालला होता. थांबला. चौकोनातून त्याला पाणसळ चहा पिताना दिसला.

"काका, चादरीला खिडकी कसली?"

"हवेला," पाणसळ म्हणाला.