नीतूने न मागितलेलं मशीन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि जे ओळखतात ते सगळे मला चांगली बाई समजतात. मागच्या वर्षी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, वर ‘मूकबधिरांचा आवाज’ अशी पदवी. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दादा माझा मोठा भाऊ, जन्मापासून कर्णबधिर. मला नीट बोलता येण्याआधी खुणा करता यायला लागल्या त्या त्याच्यामुळे. आमचं शहर हिंदी बोलणारं; आई त्याला दाल बाजारात, धान्याच्या पेठेत, पाठवायची तेव्हा बरोबर मला द्यायची. तो हातांनी सांगणार, मी दुकानदाराला तोंडाने. एकदा वजनात मारलं म्हणून दादा असा काही भडकला, की हात नुसते सपासप चालले होते. मी दुकानदाराला म्हटलं, “भैया कह रहे हैं, ज़रा फिर से तौल दीजिए.” त्याने हसून पुन्हा तोलून दिलं. घरी आईने माझी पाठ थोपटली, पोर समजूतदार आहे म्हणाली. दादाचा राग दादापाशीच राहिला. त्याच्या बोलण्यातलं काय पोचवायचं आणि काय गाळायचं हे मी ठरवायचं, ही सवय तिथली — पण नाही, लहानपणावर ढकलून मोकळी होत नाही मी.

पुढे रीतसर शिकले, आणि सरकारी कामांत दुभाषी म्हणून उभी राहायला लागले. उभी राहायला, हाच शब्द बरोबर आहे. मंचावर पाहुण्यांचं भाषण, शेजारी मी, हात चालू. प्रत्येक फोटोत मी. मंगळवारच्या जनसुनवाईत लोक आपली गाऱ्हाणी थेट मोठ्या साहेबांपुढे मांडतात. तिथे कुणी कर्णबधिर आलं, की साहेबांच्या उजव्या हाताला मी. आवडायचं मला ते. का खोटं बोलू? फार आवडायचं.

शहराच्या मुरार भागातला वर्ग मात्र आवडायचा नाही. कर्णबधिर मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा सरकारी वर्ग होता तो, पाच-सहा मुलींचा. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलणार, मी बाजूला उभी राहून ते मुलींना हातांनी सांगणार. ना पाहुणे, ना फोटो. पंखासुद्धा मास्तरांच्या डोक्यावर. आधी मी उशिरा जायला लागले. मग लवकर निघायला. मग आज शहराच्या दुसऱ्या टोकाला, लश्करला कार्यक्रम आहे, उद्या पाहुणे आहेत, असं करत करत जाणंच सुटलं. मानधन सुटलं नाही, ते पूर्ण घेतलं. आणि त्या मुली? त्या रोज वेळेवर येऊन मास्तरांची पाठ बघत बसायच्या. हे मला ठाऊक होतं.

त्यांच्यातली एक नीतू. एकोणीस-वीस वर्षांची, डोळ्यांत सतत प्रश्न. मुरारमधल्याच एका खाजगी दवाखान्यात बिलं बनवायचं काम तिला मिळणार होतं, पण कोर्स पास झाली तर. शाळेत तिला तिच्या भाषेत कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे लिहिताना हिंदी वाकडीतिकडी व्हायची. अर्ज लिहिणं तिला जमणारं नव्हतं. म्हणून एका मंगळवारी ती स्वतः जनसुनवाईत आली, आईला घेऊन. आईला लेकीच्या खुणा येत होत्या त्या घरापुरत्या — जेव, झोप, चल.

नीतू साहेबांसमोर उभी राहिली आणि हातांनी बोलायला लागली. वर्गात दुभाषी येत नाही. मास्तर काय शिकवतात ते आम्हाला कळत नाही. परीक्षा जवळ आली आहे, दुसरी कुणी तरी द्या. आणि मग तिने सरळ माझ्याकडे बोट केलं. ही. ही येत नाही.

कळतंय ना तुम्हाला? माझ्याविरुद्धची तक्रार, आणि ती साहेबांना सांगायची मीच. तिला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. दुसरं कुणी नव्हतं, आणि तिला वाटलं असावं — मी म्हणते तसंच ही सांगेल, कामच आहे तिचं.

साहेबांनी विचारलं, “आपकी तरफ़ क्यों इशारा कर रही है?”

“कह रही है, दीदी, आप ही बता दीजिए,” मी म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. “सर, सिलाई मशीन चाहती है. अपने पैरों पर खड़ी होना चाहती है.”

अपंग मुलगी म्हटली की शिलाई मशीन सगळ्यांनाच पटतं. साहेबांनी तिथल्या तिथे मंजूर केलं. मग मी नीतूकडे वळले आणि हातांनी सांगितलं — साहेब म्हणाले, सोमवारपासून दुभाषी रोज येईल. ती हसली. आईला खांद्याला धरून हलवलं तिने, इतकी खूश झाली.

सोमवारी मी गेले. त्या आठवड्यात रोज गेले. पण तोवर मास्तर शेवटच्या धड्यावर होते, आणि मुलींना पहिलाही समजलेला नव्हता. नीतू नापास झाली. सगळ्याच झाल्या. दवाखान्यातलं काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालं.

वाटलं, विसरेल. पण त्यानंतर मशिनांचं वाटप निघालं, मोठ्या सभागृहात, आणि दुभाषी अर्थात मी. नीतूचं नाव पुकारलं. ती मंचावर आली, हार घातलेलं मशीन पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि भरल्या सभागृहात, सगळ्यांच्या देखत, शांतपणे तिने मला विचारलं — मी हे मागितलं नव्हतं. तू माझ्या नावाने काय सांगितलंस?

कर्णबधिर तिथे ती एकटीच; तेवढ्या गर्दीत ते समजणारी मी एकटी होते.

“क्या कह रही है बिटिया?” साहेबांनी विचारलं.

“धन्यवाद कह रही है, सर.”

कर्णबधिरांसाठी टाळ्या वाजवायच्या नसतात, दोन्ही हात वर करून हवेत हलवायचे असतात, हे त्या लोकांना मीच कार्यक्रमाच्या सुरुवातीला शिकवलं होतं. सगळ्यांनी हात वर केले. शेकडो हात हलत होते आणि नीतू मध्ये उभी होती. तिने स्वतःचे हात खाली सोडले. खाली उतरल्यावर तिची आई माझ्या पाया पडली. “दीदी, आप न होतीं तो इसकी कौन सुनता?” मी तिला उठवलं. तेही मला जमलं. मला लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

नीतू आता घरी साड्यांना फॉल लावते. रविवारी संध्याकाळी शहरातले कर्णबधिर बाड्यावर, म्हणजे मधल्या मोठ्या चौकात जमतात, तिथे ती असते असं ऐकलं. दादाही तिथे जातो, कित्येक वर्षं.

परवा दादाला बँकेत काम होतं. त्याच्या अशा कामांना मी लहानपणापासून बरोबर जात आले आहे. मी चप्पल घातली. त्याने मोबाइल काढून दाखवला — जे सांगायचं ते त्याने त्यात टाइप करून ठेवलं होतं, बाबूला वाचायला. मी विचारलं, येऊ ना? त्याने मोबाइल खिशात टाकला. मग हाताने सांगितलं, राहू दे, आणि दार ओढून गेला.