आठशे मीटरसाठी काडतूस

ओमानमध्ये अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक ओमानी मैत्रीण बसते. पुण्याला कॉलेजात असताना मी रायफल नेमबाजी करायचे, हे मी तिला एकदा बोलता बोलता सांगितलं. तिनं ते इब्रा गावी राहणाऱ्या आपल्या वडिलांच्या कानावर घातलं. ते फौजेतून निवृत्त झालेले. पुढच्याच शुक्रवारी मला जेवायचं बोलावणं आलं.

जेवण उरकून कहवा आला, तशी त्यांनी दोन काडतुसं माझ्यासमोर ठेवली. एक जाड गोळीचं, तीनशे आठ बोअरचं. आयुष्यभर त्यांनी तेच वापरलेलं. दुसरं साडेसहा मिलिमीटरचं, मुलीच्या, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या रायफलीचं.

"आठशे मीटरवर हल्ली माझ्या गोळ्या पसरतात," ते हिंदीत म्हणाले. "तू इंजिनिअर. आकडेमोड करून सांग, कुठलं बरं?"

मी आठवडाभर खपून तक्ता केला. गोळी किती खाली येते, वारा तिला किती ढकलतो, सगळं मांडलं. साडेसहाची निमुळती गोळी वाऱ्यात कमी ढळत होती. त्यांनी कागद नीट वाचला आणि घडी करून खिशात टाकला.

"वारा मी चाळीस वर्षं वाचतोय," एवढंच म्हणाले.

मग आम्ही तिघं नेमबाजीच्या रेंजवर गेलो. तिथं त्यांनी आपलीच रायफल घेतली. गोळ्या पसरल्या. दर वेळी म्हणायचे, "वारा फिरला." दुर्बिणीतून मला तर टार्गेटजवळचं निशाण निपचित लोंबताना दिसत होतं.

मग मुलगी म्हणाली, "बाबा, मी भरून देते." तिनं त्यांच्या नकळत दारू नसलेलं सरावाचं काडतूस घातलं. त्यांनी चाप ओढला. बार झालाच नाही. तरी रायफलीचं तोंड झटक्यानं खाली गेलं, खांदा आखडला, डोळे गच्च मिटले. गोळी सुटायच्या आधीच त्यांचं अंग रायफलीच्या धक्क्याला भ्यायलं होतं.

त्यांनी रायफल बाजूला ठेवून खांदा चोळला.

"गेल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं," शेवटी म्हणाले. "तुझ्या कागदात हे का नव्हतं?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस."

खरंच होतं. नळीची लांबी विचारली होती, गोळीचं वजन विचारलं होतं. धक्का किती बसतो, हा रकाना मी केलाच नव्हता. तरुण अंगानं नेमबाजी केलेली, सुचलंच नाही.

त्यांनी मुलीची कमी धक्क्याची रायफल घेतली. चार गोळ्या वीतभर जागेत बसल्या, पाचवी बाहेर गेली.

परतताना गाडीत मैत्रिणीनं विचारलं, "मी त्यांना तुझ्यासमोर असं उघडं पाडायला नको होतं ना?"

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. साडेसहाची रायफल घ्यायची ठरली होती. गोळी किती वजनाची घ्यावी, हे विचारायचं होतं.

"आधी खांदा कसा आहे ते सांगा," मी म्हटलं.

ते सावकाश सांगू लागले.