गॅसच्या विजेचा दर

शर्मिष्ठा पाटणकर राहते नाहूरला आणि नोकरी करते मरोळला, एका वीज कंपनीच्या ऑफिसात. कंपनीचं गॅसवर चालणारं वीजकेंद्र पनवेलच्या पलीकडे होतं. उद्याची वीज आपण केवढ्याला देणार, हे रोज सकाळी कळवणं तिचं काम. ज्याचा दर कमी त्याची वीज आधी उचलली जाते, बाकीच्यांनी थांबायचं. सुरुवातीची काही वर्षं तिच्या केंद्राची वीज सहज उचलली जायची.

मग सौर वीज आली. ऊन आहे तोवर ती आधी घ्यायचीच, असं धोरण ठरलं. ऊन फुकट, आणि गॅस यायचा परदेशातून, जहाजानं, डॉलर मोजून. केंद्र आधी दुपारचं बंद राहू लागलं, मग आठवडेच्या आठवडे, मग महिनोन्‌महिने. तरी शर्मिष्ठा रोज दर पाठवायची. कोणी घेणार नाही हे ठाऊक असताना हिशेब नीट करायचा, याचा एक वेगळाच शीण असतो. संध्याकाळी तो तिच्या चालण्यात दिसायचा.

सौर विजेवर मात्र तिचा राग नव्हता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर पॅनल बसवायचा विषय निघाला तेव्हा तिनं हात वर केला. शेजारच्या कुंदाताई कुजबुजल्या, "अगं, तुझ्याच पोटावर पाय ना हा?"

"आहेच. पण लिफ्टचं बिल कमी होईल ना," ती म्हणाली.

त्या वर्षी उन्हाळा भयंकर तापला. सूर्य मावळला की सौर वीज संपायची आणि नेमके तेव्हाच घरोघरी एसी सुरू व्हायचे. गॅसची केंद्रं उन्हाळाभर चालू ठेवा, असा सरकारी आदेश आला. पण चालवणार कोण? अर्धी माणसं सोडून गेली होती. तिचा साहेब राजेश म्हणाला, "परबला आण. तुझं ऐकेल तो."

सुशांत परब हा टर्बाइन चालवणारा जुना ऑपरेटर. केंद्र थंडावल्यावर तो चेंबूरला लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला होता. शर्मिष्ठा त्याच्या घरी गेली.

"मॅडम, खरा सांगा," तो म्हणाला. "किती दिवसांचा काम?"

"उन्हाळ्यापुरतं. पुढचं मला माहीत नाही."

"म्हणजे नायच," तो हसला. तरी बिनपगारी रजा टाकून आला.

केंद्र चाललं, पण संध्याकाळी सुरू आणि सकाळी बंद, असं. ते यंत्र अखंड चालण्यासाठी बनवलेलं. रोज तापून रोज थंड होण्यानं त्याचे भाग झिजायला लागले. सुशांतचा फोन यायचा, "मशीन चलता, पण दमता." शर्मिष्ठा नुसतं "हं" म्हणायची. दमण्याबद्दल आणखी काय बोलणार?

उन्हाळ्यानंतर वीज विकत घेणाऱ्या कंपनीबरोबरचा जुना करार संपला. त्या करारात एक स्थिर आकार होता: वीज घ्या न घ्या, तेवढी रक्कम द्यायचीच. कर्जाचे हप्ते आणि पगार त्यावरच चालायचे. नूतनीकरणाच्या बैठकीत समोरचा तरुण अधिकारी अदबीनं म्हणाला, "मॅडम, आता सौर आणि बॅटरी एकत्र मिळते. संध्याकाळचीही सोय होते, तीही तुमच्याहून स्वस्त."

"आणि सलग चार-पाच दिवस आभाळ भरलेलं असलं तर?"

"तुमचं बरोबर आहे. पण त्या चार-पाच दिवसांसाठी वर्षभर पैसे मोजायला मला मंजुरी कोण देणार?"

त्याचंही चूक नव्हतं. भांडायला समोर कोणी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं तिला परतताना वाटलं.

करार पुढे वाढला नाही, आणि टर्बाइन आफ्रिकेतल्या एका कंपनीला विकायचं ठरलं. फोनवर सांगणं तिला बरं वाटेना, म्हणून ती स्वतः केंद्रावर गेली. सुशांत अजून तिथंच होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "थंय पूर्ण वेळ चलतला?"

"चालेल म्हणतात."

"मग बरा."

यंत्र सुटं करायला आणि तिकडे पुन्हा जोडायला जाणता माणूस हवा होता. सुशांतनं ते काम मागून घेतलं. "बायको ओरडता हा, पण जातंय," म्हणाला. आणि खरंच गेला.

शर्मिष्ठाला राजेशनं कंपनीच्या नव्या सौर विभागात घेतलं. नाही म्हणावं असं तिच्या मनात फार होतं. पुन्हा नव्यानं शिकायची उमेद उरली नव्हती. पण मुलगी दिशा अजून कॉलेजात होती.

पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा दिशानं विचारलं, "कसं आहे गं नवीन काम?"

"आहे," ती म्हणाली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून सोफ्यावर बसली. मग दिशानंच उठून कुकर लावला.